जात्याची वरची तळी

यंत्र माणसाचे काम हिरावून घेईल काय, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जात आहे. बँकेत नोकरी करणारा पिता तो विचारतो, संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलीची आई विचारते, आणि रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात बोलत उभी राहिलेली तरुण मंडळीही विचारतात. कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांच्या परिषदांपुरते होते. आता ते कार्यालयांत, दवाखान्यांत आणि शाळांत येऊन पोहोचले आहेत.

प्रिय वाचकहो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचा रोख यंत्राकडे आहे, तो माणसाकडे वळवला पाहिजे. यंत्र कोणाला कामावर ठेवत नाही आणि कोणाला कमी करत नाही. त्याला फाटकातून आत आणणारा हात माणसाचा असतो. तो हात कामगाराशी कोणत्या नात्याने वागत आला आहे, यावरच ते यंत्र कोणाच्या उपयोगी पडेल आणि कोणाच्या मुळावर येईल हे ठरते. मालक आणि कामगार यांच्यातील नाते हा म्हणूनच केवळ अर्थशास्त्राचा विषय नाही. तो विवेकाचा विषय आहे, आणि ख्रिस्ती माणसाला तो टाळता येणार नाही.

या विचारासाठी आपण चेन्नईकडे पाहू या. सभासद, वर्गणी आणि नियम असलेली भारतातील पहिली कामगार संघटना याच शहरात जन्मली. नव्या यंत्रांवर ज्यांची भिस्त आहे अशा कंपन्यांची मोठमोठी संकुलेही याच शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर, उभी आहेत. मरीनाच्या किनाऱ्यावर देवीप्रसाद रॉय चौधरी यांनी घडवलेले 'श्रमाचा विजय' हे शिल्प १९५९ सालापासून आहे. चार मजूर एक अवजड शिळा सरकवत आहेत आणि चौघांचेही बळ एकाच दिशेला लागले आहे. एक जरी बाजूला झाला तरी शिळा हलणार नाही, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

पेरांबूरचा धडा

चेन्नईचे नाव मद्रास होते तेव्हाची गोष्ट. पेरांबूर भागात बिन्नी कंपनीच्या व्यवस्थापनाखालील बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापडगिरण्या होत्या. जेवणाची अपुरी सुट्टी, तुटपुंजे वेतन आणि वरिष्ठांची दांडगाई यांनी तेथील कामगार गांजले होते. २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियनची स्थापना झाली. मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष झाले. वेस्लियन मिशनच्या शाळेत शिकलेले तमिळ पंडित तिरु. वि. कल्याणसुंदरम हे त्यांचे सहकारी होते.

मालकांनी या संघटनेशी बोलणी करण्याऐवजी मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला आणि पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. कामगारांना एकत्र करणे हाच जणू अपराध ठरला. या प्रकरणाने देशभर खळबळ उडाली. १९२१ साली आपल्या महाराष्ट्राचे ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणारा कायदा करण्याचा ठराव मांडला, आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. त्यापूर्वीही १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले होते. त्यांच्या मंडळाला वर्गणी नव्हती की सभासदांची रीतसर नोंद नव्हती. तरी १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांमुळे. रविवारी निश्चिंतपणे उपासनेला जाणाऱ्या आपण सर्वांनी हे ऋण ध्यानात ठेवावे.

पेरांबूरच्या कामगारांचे पहिले मागणे साधे होते: आमच्याशी बोला. वेतनाचा आकडा त्यानंतर येतो. ज्याच्याशी बोलले जाते तो माणूस असतो. ज्याच्याविषयी केवळ ठरवले जाते तो वस्तूच्या पंक्तीला जाऊन बसतो.

एकच महामंडळ, दोन शहरे

आता संगणकाच्या आगमनाकडे वळू. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणण्याचे ठरवले. मुंबईत तो बसला. कलकत्त्यात मात्र कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस इमारतीवर पहारा ठेवला आणि तो बसू दिला नाही. महामंडळ एकच, यंत्राचा हेतूही एकच. परंतु एका शहरात दार उघडले आणि दुसऱ्या शहरात ते लोकांनी अडवून धरले. यंत्राच्या गुणदोषांवरून हा फरक उलगडत नाही. संघटनेचे बळ किती होते आणि व्यवस्थापनाच्या शब्दावर कितपत विश्वास होता, हे पाहिल्यावाचून तो समजत नाही.

बँकांनी निराळा मार्ग धरला. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. त्यात अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना होती, जिचे मध्यवर्ती कार्यालय आज चेन्नईत आहे. किती यंत्रे येतील, ती कोठे बसतील, ती चालवणाऱ्याला कोणता भत्ता मिळेल, हे त्या करारात लिहिले गेले. आणि यंत्रामुळे कोणाची नोकरी जाणार नाही, हेही लिहिले गेले. यंत्रे सावकाश आली. ग्राहकांना लांब रांगांत उभे राहावे लागले, हेही खरे. परंतु ज्या कारकुनाने आयुष्यभर जाड वहीत नोंदी केल्या, त्यानेच हळूहळू कळफलकावर बोटे बसवली. पुढे १९८७ व १९९३ साली आणखी करार झाले आणि दार अधिक उघडले.

आज त्या विलंबाला हसणे सोपे आहे. पण त्या विलंबात एक नैतिक गोष्ट घडली: यंत्र कोणत्या अटींवर येईल हे दोन्ही पक्षांनी मिळून ठरवले.

यंत्र कोणाकडून शिकते?

आजवरची यंत्रे माणसाच्या स्नायूंची अथवा आकडेमोडीची जागा घेत होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत वेगळी आहे. ती शिकते, आणि माणसांनी आजवर केलेल्या कामाच्या नोंदींतून शिकते. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याची हजारो संभाषणे, प्रोग्रामरने लिहिलेल्या आणि दुरुस्त केलेल्या ओळी, एक्स-रे पाहून डॉक्टरांनी केलेल्या खुणा, ही तिची पाठ्यपुस्तके आहेत. चेन्नईच्या देसीक्रू या कंपनीने आय. आय. टी. मद्रासच्या साहाय्याने सुरुवात करून तामिळनाडूच्या लहान गावांत कार्यालये काढली आणि तेथील शिकलेल्या तरुण-तरुणींना गावातच काम दिले. चित्रे, आवाज आणि मजकूर यांवर खुणा करून यंत्राला शिकवणे हे आज अशा कार्यालयांचे एक प्रमुख काम झाले आहे. यंत्राच्या बुद्धीमागे अशा असंख्य अनाम माणसांचे डोळे आणि कान आहेत.

येथे पवित्र शास्त्रातील एक छोटा नियम आठवतो. अनुवाद २४:६ मध्ये धनकोला आज्ञा दिली आहे की त्याने ऋणकोचे जाते गहाण घेऊ नये, जात्याची वरची तळीदेखील घेऊ नये. कारण असे करणारा त्या माणसाचा जीवच गहाण घेतो. नियम पूर्ण जात्यावर थांबला असता तरी चालले असते. मग वरच्या तळीचा वेगळा उल्लेख कशासाठी? ज्या वाचकांनी आजीच्या घरी जाते पाहिले आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. खालची तळी जागच्या जागी असते; खुंटा धरून फिरवायची ती वरची. वरची तेवढी उचलून नेली तर घरात अर्धे जाते शिल्लक राहते आणि सारे पूर्वीसारखे दिसते. परंतु त्या घरात आता पीठ पडत नाही.

कामगाराचे अनुभवसिद्ध ज्ञान ही त्याची वरची तळी आहे. वीस वर्षे लेथवर उभा असलेला कारागीर आवाजावरून सांगतो की हत्याराची धार गेली आहे. अनुभवी परिचारिका रुग्णाच्या चेहऱ्यावरून ओळखते की आजची रात्र अवघड आहे. हे ज्ञान त्यांना न विचारता, त्याचे मोल न देता यंत्रात उतरवून घेतले, तर खुर्ची त्यांचीच राहील, हजेरीपटावर नावही राहील. परंतु ज्याच्या जोरावर ते मान वर करून उभे होते ते गेलेले असेल. नियमशास्त्र धनकोचा वसुलीचा हक्क नाकारत नाही, तो कोठवर जावा याची मर्यादा आखते. त्याचप्रमाणे मालकाला नवे साधन आणण्याचा हक्क आहे. परंतु दुसऱ्याच्या जगण्याचे साधन परस्पर उचलून नेण्याचा हक्क त्यात येत नाही.

यात व्यवहाराचाही एक धडा आहे. ज्याला भय वाटते तो मनापासून शिकवत नाही. आपल्या जागी येणाऱ्या यंत्राला आपले मर्म सांगण्यास कोण तयार होईल? तो वरवरची उत्तरे देईल, खुबी स्वतःजवळ ठेवील, आणि अर्धवट शिकलेले यंत्र नेमक्या अडचणीच्या वेळी फसेल. मालक-कामगारांचे नाते असे यंत्राच्या अंतरंगात जाऊन बसते. अविश्वासाच्या घरात शिकलेले यंत्र विश्वासाचे काम करू शकत नाही.

सांगणे आणि ऐकणे

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक तरतूद होती. कामगार कमी होण्याचा संभव असेल अशी सुधारणा यंत्रसामग्रीत अथवा कार्यपद्धतीत करायची असेल, तर मालकाने २१ दिवस आधी सूचना द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची आणि १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. सूचनेची तरतूद तीतही आहे. मात्र व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच ठरावीक वेतनाच्या वरचे पर्यवेक्षक, तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय कायदा सांगायला लावतो. ऐकायला लावणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

न ऐकण्याची किंमत काय असते हे श्रीपेरुंबुदूरजवळ दिसून आले. चेन्नईपासून जवळच असलेल्या या पट्ट्यातील सॅमसंगच्या कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे दीड हजार कामगार त्यात उतरले. फ्रिज, दूरदर्शन संच आणि धुलाई यंत्रे बनवणाऱ्या त्या आधुनिक कारखान्यातील मुख्य तंटा यंत्रांचा नव्हता. वेतनाबरोबरच आपल्या संघटनेला मान्यता मिळावी, ही त्यांची मागणी होती. संप ३७ दिवस चालला. संघटनेची नोंदणी २०२५ च्या जानेवारीत झाली. १९१८ सालचे पेरांबूर आणि २०२४ सालचे श्रीपेरुंबुदूर यांत शतकाहून अधिक अंतर आहे. मागणे मात्र तेच राहिले: आमच्याशी बोला.

१ राजे १२ मध्ये हीच कथा आहे. लोक रहबाम राजाकडे आले आणि बापाने लादलेले जू थोडे हलके करण्याची त्यांनी विनंती केली. लोकांचा सेवक होऊन त्यांच्याशी गोड बोल, असा सल्ला वडीलधाऱ्या मंत्र्यांनी दिला. राजाने तो मानला नाही. बरोबरच्या तरुणांचे ऐकून त्याने कठोर उत्तर दिले. राज्य दुभंगले, आणि त्यानंतरही त्याने वेठबिगारीवरचा अधिकारीच लोकांकडे पाठवला. रहबामाला वाटले की नमते घेतल्याने सत्ता कमी होते. याउलट, १२ तासांच्या कामाच्या दिवसाला वाट करून देणारे विधेयक तामिळनाडू विधानसभेने २१ एप्रिल २०२३ रोजी संमत केल्यावर विरोध झाला, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी १ मे रोजी ते मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे राज्य दुर्बळ झाले, असे कोणी म्हणाले नाही.

ज्यांना संघटनेची सवय नाही असे शिकलेले नोकरदार या बाबतीत अधिक एकाकी आहेत. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनाही संघटना करता येते, हे तामिळनाडू सरकारला २०१६ साली स्पष्ट करावे लागले; इतका त्याविषयी संभ्रम होता. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. ते जसेच्या तसे मान्य केले तरी एक प्रश्न राहतो: कौशल्य बदलत आहे हे त्या मध्यमवयीन माणसांशी आधी कोणी, किती वेळा बोलले होते? दारोदार जेवण पोहोचवणाऱ्या तरुणांची स्थिती तर त्याहून विचित्र आहे. त्यांचा वरिष्ठ मोबाईलमधील एक गणित आहे, आणि गणिताला गाऱ्हाणे सांगता येत नाही. तामिळनाडूने २०२३ साली त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापन केले. २०२५ साली चेन्नई महापालिकेने अण्णा नगरात त्यांच्यासाठी वातानुकूलित विश्रांतीची जागा उघडली. उन्हात उभा राहिलेला मुलगा दमला आहे, हे कोणा माणसाला दिसले म्हणून ती झाली.

संघटनाही निर्दोष नाही

येथे प्रामाणिक वाचक दोन आक्षेप घेईल. पहिला असा की कामगारांना विचारत बसल्यास जग पुढे निघून जाईल. हा आक्षेप पोकळ नाही. ज्या गिरण्यांत मद्रास लेबर युनियन जन्मली त्या १९९६ साली बंद पडल्या. आपल्या गिरणगावाची शोकांतिका तर सर्वांना ठाऊक आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या सावरल्या नाहीत आणि काम यंत्रमागांकडे गेले. परंतु तेथे ऐकून घेण्याने गिरण्या बुडाल्या, असे म्हणता येईल काय? दोन्ही बाजूंचे बोलणे तुटले होते. संवाद वेळ घेतो, हे खरे. संवादाच्या अभावी जाणारा वेळ मात्र आपण कधी मोजत नाही.

अमेरिकेतील चित्रपट व दूरदर्शन लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला. शेवटी झालेल्या करारात कृत्रिम बुद्धिमत्तेवर बंदी नाही. लेखकाला ती वापरण्याची सक्ती करता येणार नाही आणि यंत्राने लिहिलेला मजकूर हाती देताना कंपनीला तसे सांगावे लागेल, असे त्यात ठरले. यंत्र आले, पण त्याच्या पायाखाली अटींची जमीन होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. संघटना आत असलेल्यांचे रक्षण करते. बाहेर असलेल्यांचे काय? १९२१ च्या पेरांबूरच्या संपात जातीची भिंत उभी राहिली. आदि-द्रविड कामगार कामावर परतले, आणि पुळियंतोप भागात कामगारच कामगाराच्या जिवावर उठले. ज्यांना समाजाने कधी पंक्तीला घेतले नव्हते त्यांच्याकडून एकाएकी एकजुटीची अपेक्षा केली गेली. बँकांच्या करारांनी नोकरीत असलेल्यांना वाचवले. पण पुढे कारकुनांची भरती आटली, आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. जी मुले-मुली पुढे बँकेत लागली असती, त्यांच्या वतीने त्या टेबलाशी कोणी बसले नव्हते. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, तात्पुरता शिकाऊ यांना आजही कोणत्याच बाजूची खुर्ची मिळत नाही. म्हणून ख्रिस्ती माणसाची निष्ठा मालकपक्षावर किंवा संघटनेवर आंधळी असू शकत नाही. जो खोलीत नाही त्याची आठवण करून देणे हे त्याचे काम आहे.

आपल्या अंगणात

१५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेतले आणि त्या निवडीमागे तेराव्या लिओंचे स्मरण व कृत्रिम बुद्धिमत्तेने उभे केलेले आव्हान आहे, असे सांगितले. आपण कोणत्याही पंथाचे असलो तरी ही दखल घेण्यासारखी आहे. मंडळीला कामगाराचा प्रश्न १८९१ साली सुचला तेव्हा पुष्कळ उशीर झालेला होता. या वेळी तसे होऊ नये.

पण इतरांस उपदेश करण्यापूर्वी आपल्या अंगणात पाहावे. आपली मिशन इस्पितळे, शाळा, वसतिगृहे, छापखाने यांत हजारो लोक काम करतात. तेथे आपण स्वतः मालक आहोत. उद्या इस्पितळात नोंदी ठेवणारे, शाळेत उत्तरपत्रिका तपासणारे, कार्यालयात पत्रे लिहिणारे नवे साधन येईल, काही ठिकाणी आले आहे. ते आणण्याचा निर्णय झाल्यावर आपण कर्मचाऱ्यांना कळवणार, की निर्णयापूर्वी त्यांना बोलावणार? ज्या लिपिकाच्या तीस वर्षांच्या नोंदींवर ते साधन उभे राहील, त्याला त्याचा वाटा कोणत्या रूपाने मिळेल? वाचलेला वेळ आणि पैसा कोठे जाईल? आणि ज्याला बैठकीचे आमंत्रण गेले नाही त्याचे काय होईल? 'आपण सारे एक कुटुंब आहोत' एवढे म्हणून हे प्रश्न झाकता येत नाहीत. कुटुंबात तर आधी विचारतात.

नोकरी करणाऱ्या वाचकांसाठीही एक शब्द. नवे शिकण्यास नकार देऊ नका, आणि एकटे राहू नका. आपल्या शेजारच्या टेबलावरील माणसाची काळजी ही आपली काळजी माना, मग तो कंत्राटी असो वा कायमचा.

ईयोबाने आपल्या निर्दोषपणाचा हिशेब मांडला तेव्हा त्यात एक अनपेक्षित बाब आहे. ३१ व्या अध्यायात तो सांगतो की माझा दास किंवा दासी माझ्याविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन आली असता मी ते तुच्छ लेखले असते, तर देवाने जाब विचारल्यावर मी काय उत्तर दिले असते? त्याचे कारणही तो देतो: मातेच्या उदरात ज्याने मला घडवले त्यानेच त्यांनाही घडवले. ईयोब धनवान होता, त्या काळच्या रीतीने मालक होता, आणि दासांचे गाऱ्हाणे ऐकण्याची सक्ती त्याच्यावर कोणत्याही राजाने केली नव्हती. तरी ते ऐकणे त्याने देवासमोरच्या हिशेबात धरले.

यंत्र मातेच्या उदरात घडत नाही. त्याला गाऱ्हाणे नसते आणि जाबही द्यावा लागत नाही. तो आपल्याला द्यावा लागेल. म्हणून पुढच्या वेळी आपल्या संस्थेत, कार्यालयात किंवा कारखान्यात नव्या साधनाचा विषय निघेल, तेव्हा त्याच्या किमतीविषयी विचारण्याआधी एवढे अवश्य विचारा: ज्यांच्या हातांतून हे काम आजवर झाले, त्यांना कोणी विचारले आहे काय? तो प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि उत्तर ऐकण्याची नम्रता प्रभू आपणां सर्वांस देवो.